जास्तीचा एक ऑक्सिजन

रसायनाच्या बाई जिन्यावरून घसरल्या. पाय मोडला त्यांचा, पण लंगडायची पाळी आली भूगोलाच्या सरांवर.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना मधल्या सुट्टीत खोलीत बोलावलं आणि नववीचं रसायनाचं पुस्तक टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं.

"सहा आठवडे 'अ' तुकडी तुम्ही घ्यायची. 'ब' तुकडी रसायनाच्या धाकट्या बाई घेताहेत, त्यांच्याकडे आता एकही तास मोकळा नाही."

"बाई, मी स्वतः रसायनात काठावर पास झालेला माणूस आहे."

"खडक शिकवता ना? खडकात काय असतं? रसायनंच की!"

या बिनतोड युक्तिवादापुढे सरांनी पुस्तक उचललं. आधीच त्यांच्या गळ्यात सहल, वेळापत्रक आणि हरवलेल्या डब्यांचं कपाट होतं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. मोठ्या बाईंपुढे ते काठावर पास झाल्याचं बोलून गेले खरे, पण वर्गासमोर 'मला येत नाही' असं म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मुलं त्यांना होकायंत्र म्हणायची. काहीही विचारा, सर हात ताठ करून एका दिशेला बोट रोखायचे आणि खणखणीत आवाजात उत्तर द्यायचे. एकवीस वर्षं ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघालं होतं, कारण डोंगर आणि नद्या सहसा जागा सोडत नाहीत. अणूंचं तसं नसतं, हे त्यांना कोण सांगणार?

सांगणारी होती. 'अ' तुकडीत खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर त्यांची स्वतःचीच लेक बसायची. शाळेत 'सर', घरी 'बाबा', हा त्यांच्यातला करार दोघांनी आजवर कधी मोडला नव्हता. पोरीला रसायनाचं वेड. लहानपणी इतर मुलं गोष्टीची पुस्तकं वाचायची तेव्हा ही साबणाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत बसायची. पुढच्या वर्षी शाळेत विज्ञानाचा खास वर्ग निघणार होता. जागा वीस, आणि त्या दोन्ही तुकड्यांच्या मिळून एकाच चाचणीवर भरायच्या होत्या. चाचणी चार आठवड्यांवर होती. त्या विसांत आपलं नाव असावं, याशिवाय पोरीला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिला आठवडा सरांनी मारून नेला. मूलद्रव्यांचा तक्ता म्हणजे त्यांना नकाशाच वाटला. "हा पूर्व किनारा. इथे राहतात आळशी वायू, कुणाशी बोलत नाहीत की चालत नाहीत. हा पश्चिम किनारा, इथले लोक तापट, पाणी लागलं की पेट घेतात." मुलं खूश. सरही खूश. आपण उगाच घाबरलो, असं त्यांना वाटायला लागलं. मग आली समीकरणं, आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेक बापाला त्या दिवसाचा धडा समजावून सांगायची. एकीकडे पाव भाजला जायचा, दुसरीकडे सर हरवलेला मोजा शोधायचे.

"बाबा, इकडे बघ. बाणाच्या डावीकडे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही."

"बरोबर. हे मला माहीत आहे."

"कमी पडले तर पुढचा मोठा आकडा वाढवायचा. अक्षराच्या पायाशी असतो तो छोटा आकडा, त्याला हात लावायचा नाही. घरात माणसं जास्त आली तर आपण खुर्च्या वाढवतो ना? खुर्चीला पाचवा पाय जोडत नाही."

"खुर्च्या वाढवायच्या. समजलं." सर टेबलाखाली वाकले होते. "हा काय, सापडला!"

सापडला तो मोजा. समीकरण टेबलावरच राहिलं.

त्या दिवशी वर्गात सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं:

H₂ + O₂ → H₂O

"हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, झालं पाणी. आता मोजू या. हायड्रोजन इकडे दोन, तिकडे दोन. छान. ऑक्सिजन इकडे दोन, तिकडे..." तिकडे एक. सर थांबले. काहीतरी वाढवायचं होतं आणि कशाला तरी हात लावायचा नव्हता, एवढं त्यांना आठवत होतं. खुर्च्याही आठवत होत्या, पाय पण आठवत होते. वाढवायचं काय, खुर्ची की पाय? चाळीस जोडी डोळे त्यांच्या पाठीवर रोखलेले होते, आणि होकायंत्राची सुई गरगर फिरत होती. शेवटी त्यांनी खडू उचलला आणि 'ओ'च्या पायाशी एक छोटासा दोन काढून टाकला.

H₂ + O₂ → H₂O₂

"ऑक्सिजन इकडे दोन, तिकडे दोन! जुळलं!"

जुळलंच होतं. कुणीही मोजावं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सवयीने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. लेकीचा हात बाकावरून वीतभर वर उठला होता. सर फळ्याकडे बोट रोखून तिच्याकडे बघत होते, चेहऱ्यावर एकवीस वर्षांची खात्री घेऊन. हात खाली गेला. तिने मान खाली घातली आणि वहीत उतरवून घेतलं.

घरी ती त्याबद्दल काही बोलली नाही, आणि सकाळचा टेबलावरचा धडाही त्या दिवसापासून बंद झाला. ज्याअर्थी ती बोलली नाही त्याअर्थी बरोबर असणार, असं सर धरून चालले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण दुसऱ्यांना म्हणतो. सरांनी उचलला खडू आणि लावला फळ्याला. मिठाच्या समीकरणात क्लोरीन उरला? लाव छोटा दोन. मॅग्नेशियम जाळलं, ऑक्सिजन उरला? लाव छोटा दोन. 'अ' तुकडीला ही पद्धत फार आवडली. 'ब' तुकडीतली पोरं पुढे-मागे आकडे लिहून खोडून कावून जायची, आणि इथे प्रत्येक गणित एका फटक्यात सुटायचं.

चाचणी झाली. शनिवारी दुपारी सर जेवणाच्या टेबलावर चाळीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले. लेक मैत्रिणीकडे गेली होती. धाकट्या बाईंनी काढलेली नमुना उत्तरं बंद पाकिटात आली होती. सरांनी पाकीट फोडलं, समीकरणांच्या प्रश्नावर आले आणि त्यांना वाटलं, बाईंची काहीतरी चूक झाली आहे. तिथे पाण्याच्या पायाशी दोन नव्हताच. पुढे होता, मोठ्ठा.

2H₂ + O₂ → 2H₂O

त्यांनी मोजलं. चार आणि चार, दोन आणि दोन. हेही जुळत होतं. त्यांचंही जुळत होतं. मग दोन्ही बरोबर का? त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोकं पार गरगरायला लागलं.

त्यांची बायको इस्पितळात नर्स होती. ती सकाळची पाळी संपवून आली तेव्हा सर पेन तोंडात धरून भिंतीकडे बघत होते.

"अहो, काय झालं?"

"एच टू ओ टू म्हणजे काय असतं गं?"

"ते होय? जखम धुवायचं औषध. हायड्रोजन पेरॉक्साइड. तपकिरी बाटलीत येतं." तिने चपला काढता काढता विचारलं, "का?"

"पाणी नाही?"

"पाणी कसं असेल? कुणी घोटभर प्यायलं तर आमच्याकडे आणावं लागेल."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पंधरा दिवस आपण चाळीस मुलांना पाणी म्हणून जखमेचं औषध पाजत होतो. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली, पोट धरून हसली, आणि मग एकदम थांबली.

"आणि आपल्या पोरीने काय लिहिलंय?"

तोपर्यंत त्यांनी तिची उत्तरपत्रिका मुद्दाम तळाशी ठेवली होती. आता काढली. पाणी: पायाशी दोन. मीठ: पायाशी दोन. मॅग्नेशियम: पायाशी दोन. बारा गुणांची चारही समीकरणं सरांच्या पद्धतीने, म्हणजे चारही चूक. पण मागच्या पानावर, कच्च्या कामाच्या जागी, तीच चार समीकरणं पुन्हा सोडवलेली होती. पुढे मोठे आकडे, प्रत्येक अणू मोजलेला, धाकट्या बाईंच्या उत्तरांशी तंतोतंत जुळणारी. आणि त्या चारांवर एक तिरकी रेघ मारलेली.

"तिला येत होतं," सर पुटपुटले. "येत असून तिने चुकीचं लिहिलं. बापाची लाज राखली पोरीने."

बायकोने उत्तरपत्रिका हातात घेतली आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"असेल. पण तुम्ही तिला विचारलंय का?"

"विचारायचं काय त्यात?"

"नाही, तुम्हाला असं वाटून घ्यायला बरं वाटतंय, म्हणून म्हटलं."

तिचं हे बोलणं सरांना झोंबलं, कारण ते खरं होतं. आपल्यासाठी पोरीने एवढं केलं, या कल्पनेने त्यांना दुःख झालं होतं तसं छातीत कुठेतरी ऊबही आली होती. संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा त्यांनी उत्तरपत्रिका तिच्यासमोर ठेवली.

"हे तू का खोडलंस? मला वाईट वाटेल म्हणून?"

ती गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. "वाईट वाटेल म्हणून? नाही रे बाबा."

"मग?"

"मला वाटलं, माझंच चुकलंय." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "त्या दिवशी वर्गात मी हात वर करणार होते. पण तू इतक्या खात्रीने सांगत होतास. मग मी घरी येऊन पुस्तक वाचलं. पुस्तकात वेगळं होतं. मग मला वाटलं, पुस्तक वाचताना मीच काहीतरी उलटं समजतेय. परत वाचलं, तरी उलटंच. चाचणीत आधी मी माझ्या पद्धतीने केलं. मग म्हटलं, सगळा वर्ग एकीकडे आणि मी एकटी दुसरीकडे, असं कसं होईल? आणि तू कधी चुकत नाहीस." ती थांबली. "आता मला कळतच नाही. आधी जे येत होतं तेही येत नाही. कोणतंही समीकरण बघितलं की वाटतं, हे दोन्हीकडून बरोबर आहे."

सरांना वाटलं होतं, फार तर लाज वाटेल. पण हे लाजेच्या पलीकडचं होतं. पोरीने बापाची दया केली असती तर त्यांनी ती मुकाट्याने घेतली असती. तिने विश्वास ठेवला होता, आणि स्वतःच्या डोक्यात नीट लावून ठेवलेलं सगळं त्या विश्वासापायी पुसून टाकलं होतं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं. सगळं."

"हो?" ती म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा मागमूस नव्हता. बाप तेव्हा खात्रीने सांगत होता, आताही खात्रीनेच सांगत होता. बिचारीने धरायचं कशाला?

सोमवारी सकाळी सर मोठ्या बाईंच्या खोलीत उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बाईंनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी लेकीची उत्तरपत्रिका मागून घेतली आणि मागचं पान निरखलं.

"खोडलेलं आहे, पण वाचता येतंय. खोडलेलं उत्तर ग्राह्य धरायचं की नाही, ते तपासणाऱ्याने ठरवायचं, असा आपला नियम आहे. तपासणारे तुम्ही. द्या तिला बारा गुण. विसांत येते ती. बाकीच्यांचं..." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बाकीच्यांपैकी सगळ्यांनाच काही विज्ञान घ्यायचं नसतं."

इकडे आड, तिकडे विहीर. सरांनी ते पान हातात घेतलं. खोटं कशाला सांगा, मोह झाला. अगदी पेनाचं टोपण काढण्यापर्यंत झाला. पोरीचं उत्तर बरोबर होतं, तिला गुण देण्यात खोटं काय होतं? पण बाकीच्या एकोणचाळीस जणांना कच्च्या कामात सुद्धा बरोबर उत्तर काढता आलं नव्हतं, कारण पोरीसारखं ते आधीच पुस्तकातून स्वतः शिकलेले नव्हते. जे मिळालं ते फळ्यावरचं. आणि पोरीचं तरी काय? बारा गुण घेऊन ती त्या वर्गात जाऊन बसली असती आणि प्रत्येक उत्तर लिहून खोडत राहिली असती.

"फेरचाचणी घ्या," सर म्हणाले. "मला त्यांच्यासोबत चार दिवस द्या."

"मग मला लेखी लागेल. चूक शिक्षकाची, तुमच्या सहीनिशी. ते तुमच्या फाइलमध्ये राहील, निवृत्तीपर्यंत."

सरांनी सही केली.

तिसऱ्या तासाला ते 'अ' तुकडीत गेले. टेबलावर त्यांनी दोन पेले ठेवले आणि खिशातून बटाट्याच्या दोन चकत्या काढल्या. बायकोने सकाळी त्यांना एक तपकिरी बाटली दिली होती आणि काय करायचं ते दोनदा बजावून सांगितलं होतं.

"गेले पंधरा दिवस मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," सर म्हणाले.

मॉनिटर उठला. "पण सर, जुळतंय की! दोन-दोन, दोन-दोन."

"जुळतंय, पण पाणी होत नाही."

"सर, आपली पद्धत सोपी आहे," मागून कुणीतरी ओरडलं. "ब तुकडीचीच चूक असेल!"

मुलं सरांच्या बाजूने सरांशीच भांडायला लागली. असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. त्यांनी एका पेल्यात नळाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात बाटलीतलं. दोन्ही पेले सारखेच दिसत होते. दोन्हींत बटाट्याची एकेक चकती टाकली. पाण्यातली चकती गपचूप तळाशी जाऊन बसली. दुसरीवर बघता बघता बुडबुडे फुटले, पांढरा फेस चढत पेल्याच्या कडेपर्यंत आला. पुढच्या बाकावरची मुलं मागे सरकली.

"छोटा दोन लावला की हे होतं," सर म्हणाले. "मी पाण्याचं हे करून ठेवलं होतं."

तिसऱ्या बाकावरून हात वर आला. या वेळी पूर्ण वर.

"सर, तुम्हाला आत्ता खात्री आहे?" लेकीने विचारलं. "कारण मागच्या वेळीही होती."

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, हात सवयीने अर्धा वर आला, आणि तिथेच राहिला. काय सांगायचं? हो म्हणावं तर ती पुन्हा मान खाली घालणार. नाही म्हणावं तर शिक्षक कशाला झालो?

"नाही," ते म्हणाले. "पुस्तक सांगतंय, धाकट्या बाई सांगताहेत, बटाटाही सांगतोय. पण मला विचारशील, तर मी अजून गोंधळलेलोच आहे. ये इकडे."

ती फळ्यापाशी आली. सरांनी पुस्तक कुठेतरी मध्येच उघडलं आणि दिसलं ते समीकरण फळ्यावर उतरवलं. लोखंडाला गंज चढतो त्याचं होतं. डावीकडे लोखंड आणि ऑक्सिजन, उजवीकडे गंज, आणि गंजाच्या अक्षरांच्या पायाशी एक दोन, एक तीन असे विचित्र आकडे. हे सरांनी कधी सोडवलं नव्हतं. त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

तिने मोजलं. एक मोठा आकडा लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला. ऑक्सिजन तीनचे सहा झाले, डावीकडे तीन जोड्या लागल्या. मग लोखंड अडलं. खडू हवेत थांबला. सरांना हा क्षण ओळखीचा होता; लहानपणापासून अडली की ती अशीच थांबायची आणि मान वळवून बापाकडे बघायची. पण या वेळी तिने पाहिलं असतं तरी त्यांच्याजवळ तिला द्यायला काहीच नव्हतं. उत्तर त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिने मान वळवली नाही. फळ्याकडेच बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली, लोखंडापुढे चार लिहिला, आणि दोन पावलं मागे सरकून पुन्हा पहिल्यापासून एकेक अणू मोजला. बराच वेळ लागला. मग ती वर्गाकडे वळली. बापाला वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. कोणतं आधी वाटलं ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही.

"माझ्या मते हे बरोबर आहे," ती म्हणाली. "पण माझ्यावर जाऊ नका. मोजा."

एकोणचाळीस माना फळ्याकडे वळल्या. सरांनीही बोटांवर मोजलं. पहिल्या खेपेला चुकले, मग पुन्हा मोजलं.